स्पेस तीनदा वाजली

"हिला रूट नको देऊ रे. कोट्यातून इंजिनीअर झालीय. वाट लावेल सगळ्याची."

पँट्रीच्या दाराबाहेर मी बाटली भरत होते. आत समीर सर, आमच्या टीमचे सीनियर, मॅनेजरशी बोलत होते. बाटली भरून वाहायला लागली. मी नळ बंद केला आणि गुपचूप जागेवर येऊन बसले.

रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. त्याला काहीही उघडता येतं, काहीही पुसता येतं. मशीन त्याला 'का' म्हणून विचारत नाही. अंधेरीच्या त्या ऑफिसात आम्ही पाच जण ग्राहकांचे सर्व्हर सांभाळायचं एकच काम करायचो. चौघांना रूटचा पासवर्ड माहीत होता. मला नाही. माझं काम अडलं की समीर सर माझ्या खुर्चीमागे यायचे. "तिकडे बघ गं." मी भिंतीकडे तोंड करायचे. ते माझ्याच कीबोर्डवर पासवर्ड टाकायचे. दिवसातून चार-पाच वेळा. दोन वर्षं. भिंतीवरचा एक खिळा मला पाठ झाला होता.

घरी, गोवंडीला, हे कधी बोलले नाही. आई घाटकोपरला एका घरी भांडी घासायची. कपाट उघडताना तिथली बाई म्हणायची, "मावशी, जरा तिकडे बघा." आई हे हसत सांगायची. तिनं मला इंग्रजी शाळेत घातलं. मला वाटायचं, इंग्रजी आलं की तोंड फिरवावं लागत नाही.

त्या मंगळवारी सरांना जेवायला जायची घाई होती. पासवर्ड टाकून झाला तरी ते उठले नाहीत. "थांब, जुनं फोल्डर मीच उडवतो." मी खिळ्याकडे बघत होते. माझ्या कीबोर्डची स्पेसची कळ ढिली आहे, खटकन वाजते. तेवढ्या कमांडमध्ये ती दोनदा वाजायला हवी. तीनदा वाजली. मग एंटर.

एक स्पेस जास्त पडली की फोल्डरच्या पत्त्याचे दोन तुकडे होतात. जुनं फोल्डर राहिलं बाजूला, ते ज्यात होतं ते सगळंच उडालं. ग्राहकांचे सगळे बॅकअप, त्यांच्या माहितीच्या राखीव प्रती.

सर्व्हरच्या नोंदीत नाव कोणाचं? रूट. मशीन कोणाचं? माझं.

मॅनेजर म्हणाला, "तुझ्या मशीनवरूनच झालंय ना? माफीचा मेल लिही, विषय संपव."

"माझ्याकडे पासवर्डच नाहीये, सर."

"चोरून बघितला असशील."

समीर सर मोबाईलमध्ये बघत होते. बाकीचे तिघेही. तो जास्तीचा खटका मी ऐकला होता. एका खटक्यावर कोण विश्वास ठेवणार?

मेल लिहिला तरी मला काढतील, नाही लिहिला तरी काढतील. फरक एवढाच, की लिहिला तर ती चूक माझ्या नावावर माझ्याच हातानं चढेल. आणि माझ्यानंतर अशी कोणी आली, तर पँट्रीत माझंच उदाहरण देतील.

दुसऱ्या दिवशी काम पुन्हा अडलं. समीर सर माझ्या खुर्चीमागे आले. "मेल टाकलास? बरं, सरक. तिकडे बघ गं."

मी सरकले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"नाही बघणार. काल स्पेस तीनदा वाजली, सर. तुमच्या बोटानं. माफी मी लिहिणार नाही. आता टाका पासवर्ड. मी इथेच बघतेय."