भरती ऑफिसातला राजीनामा

लढाई संपली तेव्हा साऱ्या साताऱ्याला आनंद झाला. आम्हालाही झाला, पण आम्ही तो जरा बेतानंच दाखवला, कारण आम्ही भरती ऑफिसातले कारकून होतो. लढाईच नाही तर भरती कुणाची करायची?

मी तिथं टायपिस्ट होतो. वाईला मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो आणि लढाईच्या धामधुमीत लगेच खुर्ची मिळाली. तेव्हा ऑफिसच्या अंगणात सकाळपासून पोरांची रांग लागायची. छाती मोजा, वजन करा, डोळे तपासा, की पुढचा कागद माझ्याकडे. आता ते अंगण ओस पडलं होतं. उंची मोजायच्या खांबावर शिपाई आपला पंचा वाळत घालायचा आणि ऑफिसचे प्रमुख मेजरसाहेब ते बघूनही काही बोलत नसत. त्यावरून आम्ही काय ते समजलो.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक हवालदार बसायचे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांचा उजवा हात कोपरातून जायबंदी झाला, म्हणून पलटणीतून सुटून आमच्याकडे कारकुनीला लागले होते. डाव्या हातानं लिहायला शिकले होते. अक्षर मोठं, हळू आणि लहान मुलासारखं गोल. ऑफिसात सगळ्यांत शेवटी आलेले तेच.

"कात्री लागली तर पयला मी," ते म्हणायचे. "शेवटी आलेला आधी जातो, गड्या. आन् दुसरा तू. टायपायला हाय काय आता?"

मलाही तसंच वाटत होतं. आमच्यातले दोघे कमी होणार ही बातमी हेडक्लार्कसाहेबांनीच दिली होती, फक्त हुकूम कधी येणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

अशात मेहुण्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांचं गाव माधवनगरच्या जवळ, थोडा ऊस, थोडी हळद. बारशाच्या पंगतीत माझ्या शेजारी माधवनगरच्या एका गिरणीतले विणकाम खात्याचे मास्तर बसले होते. सांगलीचे जैन गृहस्थ, बोलायला मोकळे. मी काय करतो ते विचारलं आणि हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "मला कामगारांची हजेरी ठेवायला टाइमकीपर हवाय. इंग्रजी पत्र टाइप करणारा मिळतो, पण तो कामगारांशी बोलायला लाजतो. कामगारांशी बोलणारा मिळतो, त्याला टायपिंग येत नाही. तुम्ही येता का?"

मी म्हटलं, विचार करतो.

"करा की. पण दसऱ्याला नवे माग सुरू होतायत. त्याच्या आत या. नंतर आलात तर खुर्चीवर दुसरा कुणी दिसेल."

साताऱ्याला परतल्यावर मी हेडक्लार्कसाहेबांना सगळं सांगितलं. ते सरळ मनाचे होते. म्हणाले, "घाई करू नकोस. स्वतः सोडलंस तर हात हलवत जाशील. हुकूम येऊन कमी झालास तर महिन्याचा पगार मिळेल आणि दुसऱ्या सरकारी जागेला तुझा अर्ज आधी बघतील. थांब."

थांबणं शहाणपणाचं होतं. पण हुकूम काही येईना. गणपती बसले, उठले, पितृपंधरवडा लागला, आणि मी रोज टपालाच्या थैलीकडे डोळे लावून बसायचो. माणसं नोकरी जाऊ नये म्हणून देवाला साकडं घालतात. मी ती लवकर जावी म्हणून वाट बघत होतो.

बायको बारशानंतर माहेरीच राहिली होती. ती परत आली ती सगळी चौकशी करूनच. आपल्या आईला घेऊन ती थेट गिरणीच्या चाळीत गेली होती. तिथल्या बायकांशी तासभर बोलली होती.

"पगार चुकत न्हाई म्हणत्यात," तिनं गाठोडं सोडता सोडता सांगितलं. "आडाला पाणी गोड हाय. कोपऱ्यावरची खोली रिकामी हाय, तिला उजेड बी लय."

"अगं, पण हुकूम यायचाय."

"आवं, हुकूम यायचा तवा येईल. दसरा थांबतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजीनामा टाइप केला आणि मेजरसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुला कुणी सांगितलं की तुला काढणार आहोत?"

मी हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलाकडे पाहिलं.

ते म्हणाले, "पलटणीतून सुटून येणाऱ्यांचे कागद कोण टाइप करणार? तुला मी ठेवणार होतो. जाणार आहेत ते दुसरे दोघे. उद्यापर्यंत विचार कर."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. दुसरे दोघे म्हणजे एक पेन्शनीला टेकलेले म्हातारे कारकून. ते तर जायची वाटच बघत होते. आणि दुसरे हवालदार. थोड्या वेळानं हवालदारच चहाचे दोन कप एका हातात अडकवून आले. मला लपवता आलं नाही, मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मग ऱ्हा की. माझ्यापायी जाऊ नगंस. शेत हाय, भाव हायत माझं."

शेत होतं हे खरं. पण त्या हातानं खुरपंसुद्धा धरता येत नव्हतं, आणि भावांच्या घरात बसून खायचं त्यांच्या जिवावर येत होतं, हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, ती आता म्हणेल, बरं झालं, सातारा सुटत नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "सायब ठेवतो म्हणाला, ते कवापातूर?"

"तसं काही म्हणाले नाहीत."

"मग ठेवतो म्हंजी काय झालं?" असं म्हणून ती हसायला लागली आणि मलाही हसू आलं.

सकाळी मी मेजरसाहेबांना तेच विचारलं. जरा अदबीनं विचारलं, एवढंच. त्यांनी खिडकीबाहेर वाळत घातलेल्या पंच्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "मी स्वतः इथं किती दिवस आहे, ते मला माहीत नाही."

"मग मला जाऊ द्या, साहेब. आणि माझ्या जागी हवालदारांना ठेवा."

"त्याला टायपिंग येत नाही. लिहितोही हळू."

"आता घाई कसली आहे, साहेब? सुटून येणारी माणसं आमच्याशी बोलत नाहीत, हवालदारांशी बोलतात. कोण कुठल्या पलटणीत होता, कुणाचं काय राहिलंय, ते त्यांनाच नीट सांगतात."

हेडक्लार्कसाहेब दारात उभे होते. ते आपण होऊन पुढं आले. "टायपिंगचं मी बघतो, साहेब," ते म्हणाले. मला 'थांब' म्हणणारे तेच. मेजरसाहेबांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि राजीनाम्यावर सही केली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. हवालदार सातारा रोड स्टेशनपर्यंत आले. आमची ट्रंक त्यांनी डाव्या खांद्यावर घेतली होती आणि ती मला काही केल्या घेऊ देईनात. गाडी हलली तेव्हा त्यांनी सलाम ठोकला, तोही डाव्या हातानं. बायको फलाट मागं पडेपर्यंत पदर तोंडाला लावून बसली होती.

कपातीचा हुकूम दसऱ्यानंतर लवकरच आला. त्यात फक्त ते म्हातारे कारकून गेले आणि ऑफिसात पेढे वाटून गेले. हवालदार ऑफिस गुंडाळेपर्यंत तिथंच होते. नंतर साताऱ्याच्या मोटार स्टँडवर गाड्या सोडायच्या कामाला लागले. तिथं आवाजाची गरज होती आणि तो त्यांच्याकडे भरपूर होता.

मी गिरणीच्या फाटकाशी टाइमकीपर म्हणून बसलो. पहिला आठवडाभर मागांच्या खडखडाटानं कान बधिर झाले. मग सवय झाली. कामगार आत जाताना दोन शब्द बोलून जात, कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या पोरीच्या लग्नाचं. कुणाला उशीर झाला तर मी नुसतं बघायचो आणि तो आपण होऊन कारण सांगायचा.

कोपऱ्यावरच्या खोलीत खरंच उजेड लय होता. त्या हिवाळ्यात बायकोनं दारापुढं मेथी पेरली. संध्याकाळी मी घरी येई, तेव्हा ती चाळीतल्या बायकांबरोबर ओट्यावर गप्पा मारत बसलेली असायची आणि चहाला उशीर व्हायचा. त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.