तीन दिवस घासलेला व्हिडिओ गेम

“हा गेम आमचा नाई,” रामटेकेभाऊ म्हणाले आणि त्यांनी तो माझ्या काउंटरवर ठेवला. दोनच दिवसांपूर्वी तो त्यांनी माझ्याच हातून नेला होता.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल. ऊर्जानगरच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रामटेकेभाऊ पॉवर स्टेशनात ऑपरेटर. त्यांच्या साळ्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, नागपूरहून सेकंडहँड व्हिडिओ गेम आणला होता. काही महिने चिमूरला आपल्या घरी स्वतः खेळला, मग भाच्यांना दिला. टीव्हीला जोडायचा काळा डबा, त्याला खेळायचे दोन दांडे, ते हलवून पडद्यावर ठिपके उडवायचे. पण डब्याची पार रया गेली होती. साळा रविवारी पाहुणा म्हणून येणार, तोवर वस्तू चकाचक करून द्या, अशी भाऊंची ऑर्डर होती.

प्लास्टिकवरचे डाग दोन जातींचे. एक म्हणजे दुसऱ्याच वस्तूचा रंग घासून लागलेला. तो स्पिरिटने निघतो. दुसरा खरा ओरखडा. तो पुसून जात नाही, भोवतालचं प्लास्टिक घासून त्याच्या पातळीला आणावं लागतं. त्याचं पॉलिश नागपूरलाच मिळायचं. मी कोळशाची राख मलमलीतून तीनदा गाळली आणि खोबरेल तेलात कालवली. आमच्या पॉवर स्टेशनच्या गावात राखेला काय तोटा! तीन दिवस घासलं. हौस म्हणून अडकणारा दांडाही दुरुस्त केला. डब्यात तोंड दिसायला लागलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, कबूल करतो.

“तुमचा नाही म्हणजे?” मी विचारलं.

“साळा म्हनते, मी त्याचा गेम इकला अन् दुसरा आनून ठेवला. आमच्या बाईले तेच खरं वाटून राह्यलं. उद्याच्या गाडीनं पोरं घेऊन माहेरी चिमूरले चालली ती.” भाऊंनी डबा माझ्याकडे सरकवला.

साळा दारातच उभा होता. सिद्धार्थ त्याचं नाव. चिमूरला शाळामास्तर, म्हणजे चुका काढण्यात तरबेज.

“तुमच्या गेमची खूण सांगा,” मी म्हणालो.

“डाव्या अंगाले लांब ओरखडा होता.”

“तो मी काढला.”

“एक दांडा अडकत होता.”

“दुरुस्त केला.”

“हालवला का आत खुळखुळ वाजे.”

“स्क्रू सुटला होता. बसवला.”

तो भाऊंकडे वळला. “पाहा भाऊजी. एक खूण नाई, अन् म्हनते तोच हाय!”

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी चोर! बाहेर चार माणसं जमली होती. टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेल्या एक बाई टीव्ही न ठेवताच परत फिरल्या. माझ्या दुकानाचं नाव डोळ्यांदेखत बुडत होतं.

भाऊ काउंटरवर वाकले. “भाऊ, हात जोडतो. ओरखडे परत पाडून द्या.”

“तीन दिवस घासलंय मी!”

“माझा संसार मोडून राह्यला, भाऊ.”

मी करवतीचं तुटकं पातं उचललं. सिद्धार्थ बाजूला उभा राहून सांगू लागला. “अजून खाली. इथी जरा वाकडा होता. आता लांब ओढा.” मी ओढला. मग दांड्याची स्प्रिंग ढिली केली, आतला स्क्रू काढून डब्यातच टाकला.

सिद्धार्थने डबा कानाशी धरून हलवला. खुळखुळ वाजलं. त्याचा चेहरा उजळला. “हाच! हाच माझा गेम!” त्याने भाऊंना मिठीच मारली. भाऊंनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशीची चिमूरची गाडी बाई-पोरांशिवाय गेली.

निघताना सिद्धार्थ मला म्हणाला, “भाऊ, राग नका मानू. पन लोकाईच्या वस्तू जरा जपून हाताळत जा. पाहा, किती खरचटला.”

त्यानंतर कोणीही वस्तू चमकवायला आणली की मी आधी डाग बघत नाही. आधी विचारतो, ही तुम्हाला दिली कोणी?