आडवी गिटार आणि पितळी बत्ता

गिटारवर हात बसायला वर्षं लागतात; गिटारवाल्यांचे किस्से मात्र पहिल्या रविवारपासूनच साचायला लागतात! कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही तिघं रविवारी सकाळी वाजवत बसायचो. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा मिलिंद, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. त्याच्याच ऑफिसातली श्रुती. आणि मी. माझं वय विचारू नका, वाजवणं ऐका!

*

जुन्या बाजारात शिवणयंत्राचं पायडल शोधायला गेले आणि गिटार घेऊन आले. आमचे हे म्हणाले, "आता हिच्यावर शिवणार का?"

शिकवणारा कुणी नव्हता, म्हणून मांडीवर आडवी घेतली. तारा तंबोऱ्यासारख्या सा-पात लावल्या. बोटं कापायला लागली, तेव्हा वेलची कुटायचा छोटा पितळी बत्ता घेतला आणि तारांवरून सरकवला. काय सांगू! लाकडाचा तो खोका चक्क मोकळ्या गळ्यानं गायला लागला. मीच दचकून बत्ता उचलला.

पेपरामागून ह्यांचा आवाज आला, "थांबलीस का?"

*

मिलिंदनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "काकू, आडवी काहून ठेवली? अशी नाही वाजवत ना!"

"तुझी आई पोळी तुला विचारून लाटते का?"

मग मी वाजवलं. तो पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसला, दारात काढलेली चप्पल हातातच. म्हणाला, "हे मला शिकवता का?"

"नाही. मी कुणाकडे शिकायला गेले होते?"

*

श्रुती सायबर कॅफेतून प्रिंटआउट घेऊन धावत आली. "काकू, अशी आडवी गिटार जगात खूप लोक वाजवतात! बत्त्याऐवजी लोखंडी कांडी घेतात. मोठेमोठे कलाकार आहेत!"

मी म्हटलं, "कळव त्यांना, बरोबर वाजवताय म्हणावं!"

*

पण खरा वाजवणारा मिलिंदच. डाव्या हाताची बोटं तारांवर अशी पळायची, की बघावं का ऐकावं कळायचं नाही. कुणापुढे मान न वाकवणारी मी, त्याच्या हातापुढे गप्प बसायचे.

एकदा सेक्रेटरी गोखले तरातरा वर आले. मिलिंदचं वाजवणं संपेपर्यंत दारातच उभे राहिले.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"तक्रार होती."

"कसली?"

"ती राहू द्या. ह्याला आणखी काही येतं का?"

*

हडपसरच्या ऑफिसातून येताना मिलिंदच्या बाइकला टेंपोनं उडवलं. डावा हात वाचला, बोटं निम्मीच वळायला लागली. कीबोर्डला तेवढी ताकद पुरते, तारेला नाही पुरत. तो गच्चीवर यायचा बंद झाला. एक दिवस श्रुती रडतच आली. त्यानं गिटार विकायची चिठ्ठी ऑफिसच्या बोर्डावर लावली होती.

तशीच वर गेले. "विकतोस?"

"तार दबतच नाही, काकू. नुसती ठेवून काय करू? बघवत नाही."

"मूठ वळते?"

"अर्धी."

"पुरे. रविवारी गच्चीवर ये."

*

आला. तोंड पाडून, पण आला. माझी गिटार मी त्याच्या मांडीवर आडवी ठेवली आणि त्या अर्ध्या मुठीत बत्ता कोंबला.

"तुम्ही तर शिकवत नाही म्हणाल्या होत्या."

"शिकवतेय कोण? मी चहा टाकायला चालले."

त्या दिवशी वरून गंजलेल्या बिजागरीसारखे आवाज आले. पुढच्या रविवारीही तेच. बत्ता खाली पडल्याचा आवाज, शिवी, पुन्हा बिजागरी. आम्ही बिनवेलचीचा चहा प्यायचो. हे एकदा म्हणाले, "नवीन बत्ता आणू का?" मी म्हटलं, "आणाल तर याद राखा."

मग एका रविवारी सकाळी गोखले भाजीची पिशवी घेऊन अंगणात थबकले आणि गच्चीकडे मान वर करून ओरडले, "अहो वहिनी, आज काय हात लागलाय तुमचा! थांबू नका हं!"

मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर आधण, मुठीत सोललेली वेलची.