भरलेला इनबॉक्स आणि मावशीचा नातू

मंडळी, आज दुपारी टोकावड्याची मावशी एस.टी.ने आमच्या मुरबाडच्या ऑफिसात आली. तिची मुलगी सुनिता मस्कतला नर्स आहे. तिला मुलगा झालाय आणि त्याचा पहिला फोटो ती माझ्या मेलवर पाठवणार होती.

फोटो काही येईना. शेवटी सुनिताचाच फोन आला. “ताई, मेल परत येतेय. तुझा इनबॉक्स भरलाय बघ.”

मी जुन्या मेल भराभर पुसायला घेतल्या. मावशी शेजारी बसून बघत होती.

“ह्या कुणाच्या गो?”

“सुनिताच्याच. ती नवीन गेली होती ना, तेव्हाच्या. तुला मी वाचून दाखवायचे बघ.”

मावशीने माझा हातच धरला. “पुसू नको. फोटू नाय दिसला तरी चालंल.”

मग सेटिंग शोधलं. सहा महिन्यांहून जुन्या मेल आपोआप कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे अर्काइव्हमध्ये, जातील असं लावून दिलं. इनबॉक्स मोकळा झाला. सुनिताने फोटो पुन्हा पाठवला आणि तो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी जावळ, मग डोळे, मग नाक.

“नाक आमच्यातलंच हाय,” मावशी म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, “हा फोटू पण जुना झाला का आपोआप जाणार?”

“जाईल, पण हरवणार नाय. म्हणशील तेव्हा काढून दाखवीन.”

“तवर तो रांगाया लागल,” ती हसून म्हणाली, आणि पुन्हा बघत बसली.

तुमच्या इनबॉक्समध्ये कुणाच्या मेल अशा आहेत, ज्या पुसायला हात धजत नाही?