काल्हेरची जागा घेताना

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि आम्हा दोघांना जमिनीचं वेड लागलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी भिवंडीत प्राथमिक शाळेत शिकवायचे, हे एका लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. रविवारी यांची ड्युटी नसली की स्कूटरवर जवळच्या काल्हेर, पूर्णा अशा गावांतून हिंडत सुटायचो. मोकळं शेत दिसलं की मी ओरडायचे, "थांबा, थांबा, हे घेऊ!" ते कुणी विकायला काढलंय की नाही, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसायचं.

एकदा एका दलालाने काल्हेरला नेलं. रस्त्याला लागून सपाट जागा, कडेला जांभळाचं झाड. मी हरखूनच गेले. पिशवीतून रांगोळीचा डबा काढला आणि जमिनीवर घर आखायला बसले. हे म्हणाले, "स्वयंपाकघर पूर्वेला." मी म्हटलं, "मग हॉलमध्ये वारा कुठून येणार?" न बांधलेली भिंत आम्ही दोनदा पाडली. दलाल कौतुकाने मान डोलावत होता.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थेट आमच्या हॉलमधून चालत आली.

"आजी, भिंतीतून काय येताय?" हे ओरडले. "दार इकडं आहे!"

आजी थबकली. रेघांकडं पाहिलं, वळसा घातला आणि गंभीर चेहऱ्याने दारातून आत आली. भारा उतरवत मला म्हणाली, "च्या ठेव मंग. घर झ्याक हाय, पोरी. पर जागा माझी हाय, आन मला ती इकायची न्हाय."

मी दलालाकडं वळले. "तुमची जागा याच्या जरा मागं आहे, बाई," तो पुटपुटला. ती जागा आजीनेच दाखवली. बांबूच्या बेटामागे एक खोलगट खाचर होतं. "आषाढात हितं आमच्या म्हशी डुंबतात," ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि जे हसत सुटलो! हसून हसून मला उचकी लागली. आजीने तर बांधावर बसकणच मारली. दलाल लुनावर बसून कधी पळाला, कळलंच नाही.

चहा शेवटी आजीच्याच घरी झाला. तिच्या दिराला रस्त्याजवळचा उंचवट्यावरचा तुकडा विकायचा होता. हे लगेच म्हणाले, "घेतला!"

"घेतला काय?" आजीने दटावलं. "पावसात ये, बघ, मंग बोल."

आषाढात गेलो. आजूबाजूला चिखलच चिखल, स्कूटर रुतली, पण त्या तुकड्यावर पाणी ठरत नव्हतं. आम्ही रेनकोटात अक्षरशः फुगडी घातली. दीर छत्रीखालून बघत आजीला विचारत होता, "या शाळेतल्या बाई हायत ना, नक्की?"

सातबारा काढला तर दिराबरोबर त्याच्या बहिणीचंही नाव निघालं. ती दिघाशी गावात दिलेली. "ती काय बोलायची न्हाय," दीर म्हणाला. मला राहवेना, आम्ही दिघाशीला गेलो. ती शेतात लावणी करत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इचारायला आलात तेच लई झालं. वाटणी मी भावाकडून घेईन. पर भूमिपूजनाला मला लेकीवानी बोलवायचं. साडी नेसवायची!"

हे म्हणाले, "ताई, साडी तुम्ही निवडा." तिने तिथेच चिखलाच्या हातांनी टाळी दिली.

आता शाळेतल्या नव्या शिक्षिका जागा घ्यायची म्हणाल्या की मी बजावते: दलालाआधी शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोला, भर पावसात जाऊन बघा, कागदावर ज्यांची नावं असतील त्या सगळ्यांना भेटा, बहिणींना आधी. त्या मान हलवतात आणि विचारतात, "पण बाई, तुम्ही घर बांधलं का तिथं?" नाही. तोवर त्या रस्त्याला गोडाऊनं उभी राहू लागली होती; तिथं आम्हीही गोडाऊनच बांधलं, एका सुताच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलं, आणि त्याच्या जोरावर पुढे गावात फ्लॅट घेतला.

त्या गोडाऊनच्या भूमिपूजनाला ताई टेम्पो भरून माणसं घेऊन आली. साडी तिने गडद गुलाबी निवडली होती. नारळ फुटायच्या आधीच तिने गाणी सुरू केली, आणि भटजी बिचारे मंत्र कधी म्हणायचे याची वाट बघत राहिले.