आदल्या दिवशीची खाट

पवनारच्या देवकाबाईंना लग्नातल्या लंबी रोटीची ऑर्डर द्यायची, तर आधी त्यांच्या अटी ऐकून घ्याव्या लागतात. तीन नवे मटके, बाभळीचं वाळलेलं लाकूड, ताजं दळलेलं गव्हाचं पीठ आणि मांडवाच्या मागच्या अंगाला एक खाट.

"खाट कायले?" नवखा यजमान विचारतोच.

"मी आदल्या दिवशी येते. भुईवर झोपले तं दुसऱ्या दिवशी हात उचलत नाई. अन् हात नाई उचलला तं तुमचे पाव्हणे नुसता भात खातीन."

यजमान खाट देतो. न देऊन सांगतो कोणाला! सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अलगद पसरायचा, हे काम देवकाबाई तीस वर्षं करत आहेत. वर्ध्यापासून आर्वीपर्यंत त्यांच्या रोटीला नाव आहे. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा आहेत, त्यांचं त्यांना काही वाटत नाही. नवा मटका आदल्या संध्याकाळी मंद आचेवर तापवून निवू द्यावा लागतो. थेट मोठ्या जाळावर चढवला, की तो तडकतो. म्हणून त्या आदल्या दिवशी जातात. सोबतीला अन्नपूर्णा असते, कणीक भिजवायला.

त्यांचे पती प्रभाकरराव गावच्या शाळेत शिपाई होते. एकोणतीस वर्षं त्यांनी घंटा दिली. त्यांचा हिशोब वेगळा. "लेट देल्ली घंटा चूक, तशी आधी देल्ली घंटाही चूकच," असं ते म्हणत. पाच मिनिटं आधी कुठे पोहोचले, तर दाराबाहेर उभे राहून पाच मिनिटं घालवायचे आणि मगच आत जायचे.

त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक लग्नात हे जोडपं वेगवेगळं पोहोचायचं. देवकाबाई आदल्या दिवशी मटक्यांसोबत टेम्पोत, प्रभाकरराव दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या वेळेवर. नातेवाईक थट्टा करत, "वरपक्षाकडून एक अन् वधूपक्षाकडून एक." दोघंही हसत.

प्रभाकरराव निवृत्त झाले, तेव्हा पुण्याहून मुलाचा, स्वप्निलचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी सून रक्षा होती.

"आई, बाबा, तुमच्यासाठी क्रूझ बुक केली. मुंबई ते गोवा, परत मुंबई. तीन दिवस पाण्यावर. जहाजात लिफ्ट आहे."

"लिफ्ट कायले पायजे पाण्यात?" देवकाबाई म्हणाल्या.

"अकरा मजले आहेत, आई," रक्षा म्हणाली.

"अन् मुंबईले जायचं कसं?"

"विमानानं!" स्वप्निलने हा पत्ता शेवटी राखून ठेवला होता. "जहाज निघते त्याच दिवशी सकाळी दहा दहाचं नागपूरहून विमान. पावणेबाराले मुंबई. जहाजाचं गेट अडीचले बंद होते. पावणेतीन तास हातात."

प्रभाकररावांचा चेहरा उजळला. विमान त्यांनी फक्त शाळेच्या पटांगणातून मान वर करून पाहिलं होतं. शिवाय मधल्या सुट्टीइतकं नेमकं वेळापत्रक. त्यांनी लगेच मान डोलावली.

"त्याच दिवशी नाई," देवकाबाई म्हणाल्या.

"आई, दीड तासाचं तं विमान आहे."

"दीड तास त्याचा झाला. घरून नागपूर, नागपुरात ते तपासणं, मुंबईतली टॅक्सी, त्यांचे तास कोन मोजीन? जहाज काय आपल्यासाठी थांबते का? एष्टी तरी हात दाखवला तं थांबते."

"सगळे लोक जातात, आई."

"सगळ्याईच्या रोट्या मी नाई करत."

स्वप्निलला याचा अर्थ लागला नाही, पण आईचा आवाज त्याला ओळखीचा होता. नंतर पुन्हा बोलू म्हणून त्याने फोन ठेवला.

देवकाबाईंनी तोडगा काढून ठेवला होता. जेवताना त्यांनी तो सांगितला. "मी आदल्या दिवशी सेवाग्रामहून गाडीनं जाते. तुम्ही दुसऱ्या दिवशी तुमच्या विमानानं या. गेटपाशी भेटू."

प्रभाकररावांनी घास ताटात ठेवला.

"लग्नाले तू आदल्या दिवशी अन् मी मांडवात. आता समुद्रातही तसंच? पोट्ट्यानं दोघाईले बरोबर फिरायले पाठवलं अन् आपण दोन वाटांनी जायचं? मंग तुम्हीच जा दोघी. तू अन् अन्नपूर्णा."

"मी तसं कुठं म्हनलं?"

"तळेगावपासून तसंच आहे तुह्यं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

तळेगावचं नाव त्या घरात सतरा वर्षांत कोणी काढलं नव्हतं.

तेव्हा स्वप्निल शाळेत होता. तळेगावला मोठं लग्न होतं, तीनशे पान. प्रभाकरराव म्हणाले होते, "एक बार तरी संगं जाऊ. सकाळची पहिली एष्टी पकडू, आठले तिथं." देवकाबाई तेव्हा तरुण होत्या, नवऱ्याच्या शेजारी खिडकीत बसून जायची त्यांनाही हौस होती. त्यांनी हो म्हटलं. आर्वीच्या पुढे एष्टी बंद पडली. तळेगावला पोहोचल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते, पंगतीची घाई सुरू होती. मटके निवांत तापवायला वेळच नव्हता. थेट जाळावर चढवले. पहिला तडकला, मग दुसरा. तिसऱ्यावर कशाबशा चाळीस रोट्या झाल्या. पाव्हण्यांनी भात-वरण खाल्लं. नवरीची आई देवकाबाईंना एक शब्द बोलली नाही, फक्त पदर डोळ्याला लावून बसली. देवकाबाईही कोणाला काही बोलल्या नाहीत. नवऱ्यालाही नाही. मात्र त्यानंतर त्या कधी सकाळी निघाल्या नाहीत, आणि तळेगावची ऑर्डर घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या हिंगणीच्या एका लग्नाला गेल्या. म्हणजे अर्थातच लग्नाच्या आदल्या दिवशी. मटक्याखाली आच धरता धरता त्यांनी सगळी गोष्ट अन्नपूर्णाला सांगितली.

अन्नपूर्णाने परातीतून मान वर केली नाही. "बाई, तुमाले आदला दिवस पायजे. भाऊजीले विमान पायजे. अन् दोघाईले दोघं पायजे. मंग विमान आदल्या दिवशी उडत नाई का?"

देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"रोज उडते," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखं म्हणाल्या, "इतकं सोपं होतं तं काल काऊन नाई सांगतलं तू?"

"काल तुम्ही मले इचारलं नाई."

तिथूनच त्यांनी स्वप्निलला फोन लावला. तिकीट बदलायचं, आदल्या दुपारचं घ्यायचं, दोघांचं. रात्र मुंबईत काढू. स्वप्निल कुरकुरला, की लॉजचा खर्च वाढेल, बदलायचेही पैसे जातील.

"ते मी देते. दोन लग्नाच्या रोट्या समज. बाबाले तूच सांग, मी सांगतलं तं उगाच फुगतीन."

प्रभाकरराव फुगले नाहीत. "आदल्या दिवशी तं आदल्या दिवशी," एवढंच म्हणाले आणि नवी बॅग पुसायला घेतली. मात्र निघायच्या दिवशी त्यांनी दोघांच्या आधारकार्डांना हळद-कुंकू वाहिलं, तिकिटांसोबत ती एका लिफाफ्यात घातली आणि लिफाफा देवापुढे ठेवला. गावाला जाताना महत्त्वाचे कागद देवापुढे ठेवून मग उचलायचे, हा त्यांच्या घरचा रिवाज. नागपूरच्या विमानतळावर जवानाने कार्ड हातात घेतलं, तेव्हा त्याच्या बोटाला कुंकू लागलं. त्याने ते कपाळालाच लावलं आणि दोघांना आत सोडलं.

विमानात प्रभाकररावांना खिडकी मिळाली. देवकाबाई शेजारी. ढग खाली गेले तेव्हा ते म्हणाले, "हे तुह्या कणकेवानी दिसून राह्यलं." देवकाबाईंनी वाकून पाहिलं. "सैल झाली," त्या म्हणाल्या.

दादरच्या लॉजवर रात्र नीट गेली. सकाळी चहा घेताना प्रभाकररावांनी फोनवर काढून पाहिलं, की त्यांचं मूळ विमान नागपूरहून वेळेवर सुटणार होतं. एक मिनिटाचाही उशीर नव्हता. त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

"पाय. वेळेवर निघून राह्यलं."

"निघू दे ना बापा. त्यातल्या लोकाईचं भलं होवो."

साडेदहाला ते धक्क्यावर जायला निघाले. टॅक्सीवाल्याला गल्ल्या ठाऊक होत्या, तरी तासभर लागला. जहाज पाहताना दोघांच्या माना मागे गेल्या. त्यांच्या शाळेची इमारत आडवी टाकली असती, तरी त्याच्या एका मजल्यात मावली असती. बारा वाजता गेट उघडलं. सामान बाजूला घेऊन ते रांगेत लागले. दहा मिनिटांत टेबलापाशी पोहोचले.

"आधार दाखवा, काका," टेबलामागची मुलगी म्हणाली.

प्रभाकररावांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. बॅगेचा पुढचा कप्पा उघडला. मग ते एकदम थांबले.

लॉजच्या खोलीत भिंतीवर गणपतीची लहान तसबीर होती, खाली लाकडी फळी. रात्री झोपण्याआधी त्यांनी लिफाफा त्या फळीवर देवापुढे ठेवला होता. सकाळी उचलायचा राहिला.

"फोनमधलं चालणार नाही, मूळ कार्ड लागेल," मुलगी म्हणाली. "पण गेट अडीचला बंद होतं, काका. तोपर्यंत आलात तरी चालेल."

प्रभाकरराव रांगेतून बाहेर आले. "तू इथंच बस सामानापाशी. मी आणतो. मी नाई पोचलो तं..." त्यांनी रिकामा खिसा पुन्हा चाचपला. "पुन्हा तळेगाव केलं मी."

देवकाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. येताना तासभर, परत तासभर. सव्वादोन. त्यांनी बॅग उचलली.

"तळेगाव नाई होत. तळेगावले आपल्यापाशी मटका तापवायले वेळ नव्हता. आज आहे. चला, संगंच जाऊ."

टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांनी लॉजवर फोन केला. खोली अजून साफ व्हायची होती, लिफाफा फळीवर होता. मॅनेजरने तो काउंटरवर आणून ठेवतो म्हटलं. तेव्हा कुठे प्रभाकररावांच्या अंगात बळ आलं, आणि बळ आल्याबरोबर त्यांना मुद्दा सुचला.

"पण एक सांग. आपण सकाळच्या विमानानं सीधे आलो असतो तं लॉजच नसतं. अन् लिफाफाही राह्यला नसता."

"मंग घरच्या देवापुढं राह्यला असता. तिथून आणायले किती वेळ लागला असता, सांगा बरं?"

प्रभाकररावांनी थोडा वेळ हिशोब केला. मग हसले. टॅक्सीवालाही आरशात हसला, त्याला मराठी येत होतं.

दादरहून लिफाफा घेऊन परतताना भायखळ्याच्या पुलावर गाडी अडकली. प्रभाकरराव घड्याळ पाहू लागले, तेव्हा देवकाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, घड्याळ झाकेल असा.

"सतरा वर्षं मले वाटे, तू मले दोष देते," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "कधी बोलली नाई, म्हणून जास्तच वाटे."

"तुमाले बोलून मटका सांधला असता का?"

"तरी त्या दिवसापासून माह्यासंगं कुठं निघाली नाई."

"तुमच्यासंगं निघायले काय होतं मले? मी सकाळी निघाले नाई. तुम्ही आदल्या दिवशी कधी म्हनलंच नाई, मीही येतो म्हणून."

पूल मोकळा झाला. प्रभाकररावांना हे सतरा वर्षांत सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी ते पुन्हा टेबलापाशी होते. मुलीने कार्डं घेतली, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं आणि विचारलं, "हे काय?"

"आमची निघायची घंटा," प्रभाकरराव म्हणाले. देवकाबाईंनी त्यांना पुढे ढकललं.

जहाजाची शिट्टी वाजली तेव्हा दोघं वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभे होते. पाणी मागे सरकत होतं. खालच्या धक्क्यावर एक कुटुंब बॅगा घेऊन उभं होतं, वर हात करून कोणाशी तरी बोलत होतं. ते सोडायला आले होते, की उशिरा आले होते, हे वरून कळायला मार्ग नव्हता. देवकाबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी तळेगावहून फोन आला. मुलीचं लग्न होतं, अडीचशे पान. देवकाबाईंनी तारीख विचारली, लिहून घेतली आणि अटी सांगितल्या. तीन नवे मटके, बाभळीचं लाकूड, ताजं पीठ.

"अन् खाटा दोन," त्या म्हणाल्या.

"दोन कायले, बाई?"

"आमचे हे येतात संगं. आदल्या दिवशी."

ओसरीवर बसलेल्या प्रभाकररावांनी ते ऐकलं. ते उठले, आत जाऊन कॅलेंडरावर लग्नाच्या तारखेच्या आदल्या चौकोनात पेन्सिलीने खूण केली, आणि बाहेर येऊन विचारलं, "टेम्पो किती वाजता निघते? मी वेळेवर येईन."

"आधी या," देवकाबाई म्हणाल्या.