न मोजलेली मिनिटं

आधी माझी चूक सांगतो, कारण ती मागे ठेवली तर पुढचं सगळं लिहिणं नुसती स्तुती होईल. नसीम परकार मॅडमच्या वहीत दिवाळीपासून एप्रिलपर्यंत धावण्याच्या ज्या वेळा लिहिलेल्या आहेत, त्या मी मोजलेल्या नाहीत. मी मनाने सांगितल्या आणि त्यांनी विश्वासाने लिहून घेतल्या. पनवेलच्या एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षं काढली. त्या गणित शिकवायच्या, मी खेळ शिकवतो. मॅडमना जाऊन सात आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी मैदानावर आठवीच्या मुलांना रांगेत उभं करत होतो. ऑफिसकडून आमचे शिपाई तुळशीरामभाऊ येताना दिसले. ते इतके सावकाश येत होते की जवळ पोचायच्या आधीच मला कळलं. "सर, परकार बाई गेल्या," एवढंच ते म्हणाले. मुलं रांगेत उभीच होती... त्यांना मी वर्गात पाठवून दिलं.

परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो, ही सगळ्याच शाळांतली रीत. बाकीचे शिक्षक परस्पर वर्गात जाऊन बसतात. मॅडम मात्र प्रत्येक वेळी मैदानापर्यंत विचारायला यायच्या. "घरत सर, आज तुमची पोरं मला द्या," म्हणायच्या. मी देऊन टाकायचो, आणि खरं सांगायचं तर उन्हात उभं राहणं टळलं म्हणून मला बरंच वाटायचं. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नाताळची सुटी संपल्यावर एका सकाळी त्या पुन्हा मैदानावर आल्या, पण या वेळी मुलं मागायला नाही. इतकी वर्षं माझे तास खाल्ले, आता मीच त्यांना शिकवावं, असं म्हणाल्या. आणि चालायचं नव्हतं, धावायचं होतं. चालताना डोक्यात गणितं सुरूच राहतात, धावताना श्वासाशिवाय काही सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शाळा साडेसातची. मॅडम पहाटेची, फजरची नमाज आटोपून, घरातला डबा करून साडेसहाला मैदानावर हजर व्हायच्या. सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि पायात नारिंगी बूट. ते बूट त्यांचे पती उस्मानभाई घेऊन आले होते. उस्मानभाई बरीच वर्षं कुवेतला होते, आता जुन्या पनवेलात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. असला भडक रंग आणला म्हणून मॅडम आठवडाभर त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी दीड फेरी झाली आणि त्या गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमच्या मैदानाची एक फेरी म्हणजे दोनशे मीटर, चुन्याने आखलेली. शाळेचे क्लार्क फाटकातून आत येत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, कोण मागे लागलंय?" मॅडमना धाप लागली होती, तरी उत्तर आलंच. "साखर."

मग रोजचं सुरू झालं. चष्मा आणि मनगटावरचं घड्याळ माझ्या हातात द्यायचं, स्कार्फची गाठ एकदा ओढून बघायची आणि निघायचं. फेऱ्या त्या स्वतः मोजायच्या, मोठ्याने. मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून "चार" असा आवाज यायचा. वेळ मोजायचं काम माझं. वर्गातली मुलं म्हणायची, मॅडम, फोनमध्ये आपोआप वेळ येते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, पी. टी. चे सर घड्याळ घेऊन उभे असताना फोन कशाला? पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला तेव्हा इमारतीभोवतीच्या फरशीवरून धावल्या, त्यात दोनदा घसरल्याही. त्याआधी मार्चमध्ये पहिल्यांदा दहा फेऱ्या न थांबता झाल्या, तेव्हा एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद लागले होते. दिवाळीच्या सुटीआधी तेच अंतर त्यांनी सोळा पंचवीसमध्ये कापलं. साखर आटोक्यात आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दहावीच्या वर्गात त्या आता मुलांच्या आधी पोचायच्या. हे सगळं मी नीट मोजलं होतं. तिथपर्यंतचा एकही आकडा खोटा नाही.

दिवाळीनंतर माझं कशातच लक्ष नव्हतं. उरणहून आईला माझ्याकडे आणलं होतं, तिचं सगळं अंथरुणातच. सकाळी घरून निघतानाच मी थकलेला असायचो. पायरीवर बसायचो, हातात स्टॉपवॉच, नजर कुठेतरी. एके दिवशी मॅडम दहावी फेरी संपवून समोर येऊन उभ्या राहिल्या, "किती?" म्हणून विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी बटण दाबलेलंच नाही. "विसरलो" एवढं म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. त्या हसून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावल्या असत्या. पण मी म्हणालो, "सोळा दहा."

हे इतक्या सहज कसं जमलं, ते माझ्या पेशातल्या लोकांना कळेल. दरवर्षी प्रत्येक मुलाच्या शारीरिक क्षमतेची नोंद करून तक्ते वर पाठवायचे असतात. मुलं शेकड्यांनी, शिक्षक एक. वर्गातली पहिली पाच-सहा मुलं मी घड्याळ लावून पळवतो, बाकीच्यांकडे बघून अंदाजाने भरतो. हा सडपातळ आहे, याचे दोन सेकंद कमी. हा जाडा, याचे दहा जास्त. वर्षानुवर्षं असे कागद भरले की आकडा हा मोजायचा नसतो, भरायचा असतो, अशी हाताला सवय लागते. त्या सकाळी मॅडमचाही एक रकाना भरला, इतकंच. त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी बटण दाबायचा मला कंटाळा आला... आणि मग ते रोजचंच झालं.

मॅडम गणिताच्या. त्यांनी आलेखाच्या कागदावर रेघ काढायला घेतली होती, आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर मिनिटं. डिसेंबरमध्ये तो कागद त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "सर, माणसाच्या शरीराची एवढी सरळ रेघ येत नाही हो. मी यंत्र झालेय की काय?" मी घाबरलो. सगळं तिथेच थांबवता आलं असतं. त्याऐवजी मी मधूनमधून पाच-दहा सेकंद वाढवून सांगायला लागलो, खरं वाटावं म्हणून. आळसाने खोटं सांगणं एक, आणि ते टिकावं म्हणून त्यावर मेहनत घेणं वेगळं.

जानेवारीत त्या म्हणू लागल्या की दम जास्त लागतोय. पायात शिसं भरल्यासारखं वाटतं, पण वेळ तर कमी होतेय, म्हणजे मी जास्त जोर लावतेय, असा हिशोब त्यांनी स्वतःच मांडला. पूर्वी धावून, कपडे बदलून, चहा पिऊनही त्या प्रार्थनेआधी निवांत बसलेल्या असायच्या. आता चहा राहू लागला, घंटा होता होता त्या घाईने जिना चढायच्या. सुरुवातच उशिरा केली असेल, असं म्हणायच्या. चष्म्याशिवाय त्यांना शाळेचं भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनात आलं नाही, त्यांनी स्वतःवरच घेतला.

आणि एका माणसाने मला सांगितलंही होतं. तुळशीरामभाऊ मैदान झाडता झाडता थांबले आणि म्हणाले, "सर, बाई उतरल्या हायेत. पयल्यासारखं धावनं नाय ऱ्हायलं त्यांचं." मी हातातलं स्टॉपवॉच त्यांना दाखवलं आणि म्हणालो की घड्याळ तर वेगळंच सांगतंय. ते घड्याळ तेव्हाही बंद होतं. तुळशीरामभाऊ पुन्हा झाडू लागले. घड्याळापुढे ते तरी काय बोलणार?

एप्रिलच्या शेवटी जिन्यात मॅडमना भोवळ आली. तपासण्या झाल्या, मग मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात आणखी तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. शरीरात रक्त तयार होणंच कमी झालं होतं, म्हणून तो दम, ते शिसं. मी भेटायला गेलो तेव्हा पलंगावर बसून त्या हसत सांगत होत्या, की डॉक्टरांनी विचारलं थकवा कधीपासून आहे, तर मी माझा आलेखच पुढे केला. म्हटलं, बघा, मार्चमध्ये मी आयुष्यातलं सगळ्यात जोरात धावलेय, आजारी कुठली? उस्मानभाईही हसले. मीही हसलो. नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना मी विचारलं की तीन-चार महिने आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का. ते म्हणाले, सांगता येत नाही, पडलाही असता. त्यांनी ठाम "नाही" म्हणावं म्हणून मी बराच वेळ त्यांच्यासमोर बसून राहिलो. ते म्हणाले नाहीत.

पुढचे आठ महिने मी त्यांच्या घरी जात राहिलो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत यायचो. शेवटच्या भेटीत मॅडम खूप वाळल्या होत्या, स्कार्फखाली केस उरले नव्हते. उस्मानभाईंनी धरून त्यांना उभं केलं. त्यांनी मला घड्याळ लावायला सांगितलं, पलंगापासून दारापर्यंत. मी मोबाइलवर वेळ लावली, या वेळी खरंच लावली. चौतीस सेकंद लागले. त्यांनी दाराची चौकट धरून माझ्याकडे पाहिलं, "किती?" आणि मी म्हणालो, "अठ्ठावीस." त्यांनी वही मागवून ते लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं होतं. उद्या पंचवीस करते, म्हणाल्या.

शाळेत शोकसभा झाली. उस्मानभाईंनी ती वही आणली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यातले आकडे वाचून दाखवले, एकोणीस चाळीसपासून मार्चमधल्या चौदा पंधरापर्यंत, आणि शेवटी ते अठ्ठावीस सेकंदही. सभागृहात रडणं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, यामागे आपल्या घरत सरांची मेहनत आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभा आहे हे विसरून. मग ठरलं, आलेख मोठा करून जिन्याजवळ लावायचा आणि वर्षभरात सगळ्यात जास्त प्रगती करणाऱ्या विद्यार्थ्याला मॅडमच्या नावाने ढाल द्यायची. प्रगतीची नोंद अर्थातच मी ठेवायची. मी खुर्चीत बसून मान हलवली... ती मान हलवल्यानंतर मला नीट जेवण गेलं नाही.

मॅडमचा चाळिसावा दिवस झाल्यावर एका दुपारी मी उस्मानभाईंच्या दुकानात गेलो. उस्मानभाई एकटेच होते. मी सगळं सांगितलं, बंद घड्याळापासून त्या अठ्ठावीसपर्यंत. डिसेंबरमधली लबाडीही सांगितली. तुळशीरामभाऊंचं सांगितलं. ते खिळ्यांच्या डब्यावर हात ठेवून ऐकत होते. सगळं संपल्यावर मी हात जोडले. त्यांनी विचारलं, "तिला सांगितलं होतं?"

मी नाही म्हणालो.

"मग मी कसा माफ करू, सर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. ते दमलेले वाटले. "हा तिचा हक्क. तो माझ्या हातात नाय. तिच्या वाटचं मी माफ केलं तर वर भेटल्यावर ती मला विचारेल, तुला कोणी सांगितलं म्हणून." गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी बिजागऱ्या दिल्या, मग पुन्हा माझ्याकडे वळले. "उद्या फजरनंतर मी जातो तिच्याकडे. तुम्ही या. जे माझ्याशी बोललात ते तिच्याशी बोला."

हे सगळं पेपरात लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. लिहा, पण कमी करून लिहू नका, म्हणाले. मुख्याध्यापिकाबाईंनाही मी सांगितलं आहे. आलेख लागणार नाही. ढालीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि माझंही.

दुकानातल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तानाच्या फाटकाशी उस्मानभाई वाट बघत उभे होते. आम्ही आत गेलो. मॅडमच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती, उशाशी लावलेल्या सब्जाच्या रोपाला नवी पानं आली होती. उस्मानभाईंनी दुआ मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. मी चपला काढून खाली बसलो. बावीस वर्षं मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडत आलोय, पण माझा आवाज निघेना. मग बोललो.

"मॅडम, घरत बोलतोय. दिवाळीनंतर मी घड्याळ लावलंच नव्हतं. सगळे आकडे खोटे होते, मी सांगितलेले. तुमच्या फेऱ्या खऱ्या होत्या, तुमचा दम खरा होता. तुम्हाला बरं वाटत नव्हतं, ते तुम्हाला बरोबर कळत होतं, मॅडम... मीच तुम्हाला ते खोटं ठरवायला लावलं. मला माफ करा."